पुढच्या अटेम्प्टला नक्की

सीए फायनल रखडलेलं माणूस ओळखायचं असेल तर त्याचं टाइमटेबल बघायला मागा. इतकं देखणं टाइमटेबल पास झालेल्यांकडे सापडायचं नाही. माझं गोदरेजच्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने चिकटवलेलं असायचं. फायनान्शियल रिपोर्टिंग, म्हणजे एफआर, निळ्या स्केचपेनने, ऑडिट हिरव्याने, एएफएम, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट, केशरी आणि रिव्हिजनचे रकाने लाल. लाल रकान्यांपर्यंत मी पोचायच्या आधीच कागद बदललेला असायचा. आई साडी काढायला कपाट उघडायची आणि म्हणायची, "पुन्हा नवीन केलंस? छान झालंय हो." तिच्या मनात टोमणा नसायचा, मला मात्र तो ऐकू यायचा.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत राहते. खोली १६० चौरस फुटांची, माणसं पाच. आर्टिकलशिप, म्हणजे सीएसाठीची उमेदवारी, संपल्यावर फोर्टातल्या एका सीए फर्ममध्ये नोकरीला लागले. इंटर, म्हणजे मधली परीक्षा, झालेली आणि फायनल राहिलेली, अशांना आमच्याकडे 'सेमी-क्वालिफाइड' म्हणतात. पगार बरा मिळतो, कामही सीएचंच असतं, फक्त सही दुसऱ्याची. या अर्ध्या पायरीवर माणूस आरामात वर्षानुवर्षं बसू शकतो.

टाळाटाळ करणारा आळशी असतो, हा गैरसमज आहे. मी सप्टेंबरमध्ये रात्री दहापर्यंत ऑफिसात बसून लोकांची टॅक्स ऑडिट संपवलेली आहेत. आळशी माणसाला ते जमत नाही. टाळायचं ते मी एकच काम टाळत होते, आणि त्यासाठी लागणारी कारणं मला बाहेरून तयार मिळत होती. सगळी खरी होती, हीच पंचाईत. खोटं कारण कधी ना कधी उघडं पडतं. खरं कारण जन्मभर पुरतं.

घर लहान होतं, हे खरंच. टीव्ही, भाचीची शाळेची पाठांतरं, कॉमन पॅसेजमधल्या गप्पा, सगळं एकाच खोलीत. मग वाटायचं, टॉवरमध्ये गेल्यावर स्वतंत्र खोली मिळेल, तेव्हा बसू अभ्यासाला. चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन २०१७ साली आमच्याच जांबोरी मैदानात झालं. नव्या घराचं क्षेत्रफळ ५०० चौरस फूट. तेव्हापासून 'टॉवरमध्ये गेल्यावर' हे शब्द आमच्या चाळीत इतक्या जणांच्या तोंडी बसले की कुणाचं लग्न, कुणाचा फ्रीज आणि माझी फायनल सगळं त्या एकाच गाडीत बसून राहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. त्यात आमचं नाव नव्हतं. खरं सांगते, वाईट वाटलं, पण आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

दुसरं कारण ऑफिसचं. जुलैमध्ये रिटर्न, सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिट, ऑक्टोबरमध्ये ऑडिटवाल्यांची रिटर्न, मार्चमध्ये इयर-एंड. आमचा धंदाच असा की अभ्यासाला मोकळा महिना कॅलेंडरात नसतो. शिवाय सगळा व्यवसाय मुदतवाढीच्या आशेवर जगतो. २०२५ मध्ये रिटर्नची ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबरवर गेली, आणि १५ तारखेच्या रात्री आणखी एक दिवस मिळाला. सरकारच जिथे ढकलतं तिथे मी कोण, असं मी हसत हसत म्हणायचे. त्याच वर्षी सीएची परीक्षा घेणाऱ्या इन्स्टिट्यूटने फायनल दोनऐवजी तीन वेळा घ्यायला सुरुवात केली: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. मुलांची सोय व्हावी म्हणून. माझी भलतीच सोय झाली. पूर्वी एक अटेम्प्ट सोडला की सहा महिने मनाला खायचे. आता पुढचा चारच महिन्यांवर आल्याने सोडायला जिवावर येईना.

आणि सोडायचे मी नेहमी दोन्ही ग्रुप, म्हणजे तीन-तीन पेपरांचे दोन्ही गट. फॉर्म भरताना कधीच एक ग्रुप भरला नाही. एकात जास्त पडले तर दुसऱ्यातली तूट भरून निघते, असा हिशोब सगळे सांगतात आणि तो बरोबरही आहे, कारण दोन्ही ग्रुप एकत्र दिले की सरासरी एकत्र धरतात. पण माझं गणित निराळं होतं. सहा पेपर, नोकरी आणि उरलेले दोन महिने, एवढ्यात नापास झालं तर कोण नावं ठेवणार? उलट "बिचारी किती करते" असं म्हणतात. फॉर्मसुद्धा शेवटी ६०० रुपये लेट फी भरून, खिडकी बंद होता होता.

याचं मूळ कशात आहे ते मला पुष्कळ उशिरा दिसलं. इंटर मी पहिल्याच फटक्यात पास झाले होते. कशी, ते आजही नीट सांगता येणार नाही. ऑप्शनला टाकलेलं बरंचसं पेपरात आलंच नाही आणि आदल्या रात्री उलटलेली पानं आली. मंडळाने चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लावला. माझा पासपोर्ट साइझ फोटो पोस्टरएवढा केलेला, त्यामुळे गाल चौकोनी दिसत होते, आणि खाली 'भावी सीए' म्हणून नाव. पावसाने फ्लेक्स फाटला, पण पदवी राहिली. वाणी, दूधवाला, बाबांचे बेस्टमधले मित्र, सगळे "काय सीए?" म्हणूनच हाक मारायचे.

एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्ग्लास या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९७८ सालचा एक प्रयोग मी वाचला, अर्थातच रात्री दोन वाजता फोनवर, समोर ऑडिटचं पुस्तक उघडं ठेवून. विद्यार्थ्यांना काही कोडी दिली. काहींना दिलेली कोडी मुळात सुटण्यासारखीच नव्हती, तरी त्यांनाही सांगितलं, वा, उत्तम केलंत. मग दुसऱ्या चाचणीआधी दोन गोळ्यांमधून एक निवडायला सांगितली. एकीने डोकं चांगलं चालेल, दुसरीने मंद होईल. आपलं यश कशाने आलं हे ज्यांना कळलं नव्हतं, त्यांच्यातल्या मुलग्यांनी बऱ्याच प्रमाणात मंद करणारी गोळी मागितली. पुढे अपयश आलं तर गोळीवर ढकलता येईल आणि हुशारीला धक्का लागणार नाही.

मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ जागी राहिले. माझी गोळी म्हणजे शेवटचे दोन महिने. जोवर मी पूर्ण अभ्यास करत नव्हते, तोवर "मनावर घेतलं असतं तर झाली असती" हे वाक्य शाबूत होतं. ते वाक्य मला पासच्या निकालापेक्षा जास्त प्रिय होतं.

पण असं काही कळल्याने वळत नाही. दुसऱ्या दिवशी मी नवीन टाइमटेबल केलं. या वेळी जांभळा रंगही घेतला.

फरक पडला तो ऑफिसातल्या एका मुलीमुळे. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, नुकतीच सीए होऊन आमच्याकडे लागलेली. हुद्द्याने माझी वरिष्ठ, म्हणून मी तिला मॅडम म्हणायचे. ती मला ताई म्हणायची. डबा खाताना एकदा म्हणाली, "ताई, तुम्ही लिहिलेला एखादा एफआरचा पेपर आणा ना. मी बघते कुठे मार्क जातात ते."

माझ्याकडे लिहिलेला पेपर नव्हता. एकही नाही. लेक्चरं दुप्पट स्पीडने बघून झाली होती, पुस्तकं तीन रंगांत हायलाइट झाली होती, नोट्स होत्या, नोट्सच्या नोट्स होत्या, इन्स्टिट्यूटचे सरावाचे आरटीपी आणि मॉक पेपर डाउनलोड करून फोल्डरात वर्षवार लावलेले होते. पण घड्याळ लावून, कागदावर, दुसऱ्याने तपासावा म्हणून पेपर मी लिहिलाच नव्हता. लिहिला की मार्क पडणार. आणि तेच तर नको होतं.

"आणते," म्हटलं. आठवडाभर आणला नाही. तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर मीच म्हणाले, "मॅडम, पेपर राहू द्या, रोज एक प्रश्न लिहून दिला तर बघाल का?" ती म्हणाली, "बघीन. पण सकाळी टेबलावर पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप नको, कागद."

मग मी दुसरं काहीच ठरवलं नाही. टाइमटेबल नाही, पहाटे चारचा गजर नाही. ऑफिसातून निघाल्यावर घरी न जाता थेट अभ्यास गल्लीत जायचं, एक प्रश्न लिहायचा, मग घर. 'अमुक ठिकाणी, अमुक झालं की तमुक करीन' असं आधी बांधून ठेवलं तर नुसत्या इच्छेपेक्षा काम होण्याची शक्यता बरीच वाढते, असं पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये मांडलं आहे. माझ्या बाबतीत त्यातला 'घरी न जाता' एवढाच भाग औषधासारखा लागू पडला. आईला पटेना. "अगं, आधी घरी ये, हातपाय धू, चहा घे, मग जा की खुशाल." चहानंतर मी कधीच कुठे गेलेली नाही, हे तिला कसं सांगणार.

अभ्यास गल्ली वरळीबाहेरच्यांना माहीत नसेल. पोदार हॉस्पिटलजवळचा सुदाम काळू अहिरे मार्ग. वर झाडं, रहदारी कमी, आणि रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकलेल्या पिढ्या. चाळीत जागा नाही म्हणून पोरं पुस्तकं घेऊन इथे यायची, त्यातूनच हे नाव पडलं. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने रस्ता सुधारून बसायला बाकं केली. मी शाळेत असताना इथेच बसायचे. तिशी उलटल्यावर पुन्हा जायला लाज वाटली. आजूबाजूला सगळी कोवळी पोरं, आणि मध्येच मी, ऑफिसची पर्स आणि डब्याची पिशवी घेऊन.

त्यांच्यात आमच्याच चाळीतला, खालच्या मजल्यावरचा एक मुलगा होता, एमपीएससी करणारा. त्याची दुखणी माझ्यासारखीच. मी फोनवरून अ‍ॅप काढून टाकायचे आणि रात्री पुन्हा घालायचे. तो फोन बंद करून दर पाच मिनिटांनी चालू करायचा. त्यानेच तोड काढली. "ताई, तुझा फोन माझ्या बॅगेत, माझा तुझ्या." स्वतःचा फोन उचलायला काही वाटत नाही, पण दुसऱ्याच्या बॅगेत हात घालताना विचारावं लागतं, आणि विचारताना कारण सांगावं लागतं. "सीए मोटिव्हेशनची रील बघायचीय" हे मोठ्याने म्हणून बघा. एकदा त्याच्या आईचा फोन माझ्या पर्समध्ये वाजत राहिला आणि मी सवयीने उचलून "बोला" म्हटलं. त्या माउलीला काय वाटलं असेल! दोन मजले चढून ती आमच्या घरी चौकशीला आली होती.

कागद टेबलावर जाऊ लागले आणि लाल शाईने भरून परत येऊ लागले. 'वर्किंग नोट कुठे?' 'असम्प्शन लिहा.' 'निष्कर्ष आधी, भाषण नंतर.' उत्तर बरोबर, पण वर्किंग नोट, म्हणजे मागची आकडेमोड, नाही म्हणून अर्धे मार्क गेले, असं पहिल्यांदा झालं तेव्हा मी दिवसभर तिच्याशी धड बोलले नाही. पण मार्क पडले होते आणि मी जिवंत होते. १४ पैकी पाच. आकडा कळला की त्याची भीती वाटत नाही, राग येतो. रागावर अभ्यास बरा होतो.

टाळाटाळ लगेच गेली असं नाही, तिने वेश बदलला. मी रोज एक प्रश्न लिहीत होते, पण कुठला? इन्व्हेंटरी, डेप्रिसिएशन, लीज. जे येत होतं तेच. फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्सवरच्या इंड एएस १०९ या अकाउंटिंग स्टँडर्डला मी बरोबर वळसा घालून जात होते, आणि कागद रोज टेबलावर पडत असल्याने मनाला टोचणीही नव्हती. सवय लागली, पण कामाची नाही. सवयींचं कौतुक करणाऱ्यांनी हे जरा सांगायला हवं: नेम सांभाळूनही मूळ काम चुकवता येतं, आणि तेही नेमाने. मॅडमच्या लक्षात आलं. कागदाच्या कोपऱ्यात एकच ओळ होती, 'ताई, इन्व्हेंटरी झाली आता. १०९ कधी?' तेव्हापासून प्रश्न तिने निवडायचा असं ठरलं. मी नुसती लिहिणार. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत मोलाची गोष्ट. निवड हातात असली की मी पळवाट शोधतेच. म्हणून निवडच काढून घेतली.

मग गणपती आले. वरळीत गणपतीत अभ्यास करणारा माणूस मी पाहिलेला नाही. ढोल-ताशे, आरत्या, पाहुणे, मोदक. नेम पुरता मोडला. आधीची मी असते तर म्हटलं असतं, झालं, साखळी तुटली, आता सोमवारपासून. सोमवारी म्हटलं असतं, एक तारखेपासून. आणि मग दसऱ्याला मुहूर्त. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयींचा अभ्यास केला होता, तो २०१० मध्ये आला. सवय अंगवळणी पडायला लोकांना सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ इतका फरक, आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. २१ दिवसांत सवय लागते हे सगळीकडे ऐकू येतं, त्याला यातून काही आधार मिळत नाही. मी विसर्जनानंतर गुरुवारी सुरू केलं. मुद्दाम गुरुवारी.

ऑक्टोबरात मेट्रो तीन कफ परेडपर्यंत गेली आणि माझा बसचा प्रवास बदलला. हुतात्मा चौकाला जमिनीखाली उतरायचं, आचार्य अत्रे चौकाला वर यायचं. खाली फोनला रेंज नाही म्हणून सगळे वैतागलेले. माझ्या पथ्यावर पडली ती गोष्ट. ऑडिटिंग स्टँडर्ड्स कार्डांवर लिहून घेतली होती, ती तेवढ्या वेळात होऊ लागली. एसए ५७०, गोइंग कन्सर्न, बहुधा गिरगाव ते महालक्ष्मी.

जानेवारीसाठी फक्त पहिला ग्रुप भरला. खिडकी उघडल्या उघडल्या, लेट फी न देता. घरी सांगितलं, चाळीत नाही. एफआरच्या पेपरात पहिलाच प्रश्न अंगावर आला आणि जुना आवाज बोललाच: सोड, मेमध्ये नीट देऊ. उठून जावंसं वाटलं, पण हात लिहीत राहिला. यात धैर्य वगैरे नव्हतं. रोज संध्याकाळी वैतागून लिहायची त्याला सवय झाली होती.

निकाल: ऑडिट ६१, एएफएम ४७, एफआर ३६. पेपराला ४० आणि ग्रुपला १५० हवेत, म्हणजे ग्रुप गेला. ऑडिटला साठच्या वर असल्याने पुढच्या तीन अटेम्प्टना सूट मिळाली. त्या रात्री बाबा जेवताना म्हणाले, "म्हणजे पास की नापास?" मी म्हटलं, "नापास, पण ऑडिट सुटलं." ते म्हणाले, "मग दोनच राहिले." त्यांनी भाकरी मोडली आणि विषय संपला. मी ज्या प्रसंगाला इतकी वर्षं भीत होते, तो एवढाच होता.

इन्स्टिट्यूट तपासलेल्या उत्तरपत्रिकेची सर्टिफाइड कॉपी देते, अर्ज आणि फी भरून. पूर्वी मला ती कुणी फुकट दिली असती तरी मी उघडली नसती. या वेळी अर्ज मुदत संपायच्या कितीतरी आधी गेला. कॉपी आल्यावर मॅडमनी आणि मी डबा बाजूला ठेवून पान अन् पान बघितलं. इंड एएस १०९ चा प्रश्न मी शेवटी घेतला होता. सुरुवात चोख, वर्किंग नोट जागेवर, आणि तिसऱ्या ओळीनंतर पान कोरं. वेळ संपली होती. "ताई, हा येत होता की तुम्हाला," ती म्हणाली. येत होता. पण कन्सॉलिडेशनच्या, म्हणजे कंपन्यांचे हिशोब एकत्र करायच्या एका प्रश्नावर, आकडे जुळत नाहीत म्हणून, मी जवळजवळ पाऊण तास घालवला होता.

१०० मार्कांना १८० मिनिटं, म्हणजे १४ मार्कांच्या प्रश्नाला २५. सध्या गल्लीत एवढंच चालू आहे. टायमर एमपीएससीवाल्याच्या हातात असतो, पंचविसाव्या मिनिटाला तो माझ्या हाताखालून कागद ओढून घेतो, वाक्य अर्धं असलं तरी. परवा बॅलन्स शीट जुळायला एकच आकडा राहिला होता. मी म्हटलं, "अरे, दोन मिनिटं दे." तो म्हणाला, "मुदतवाढ नाही, ताई," आणि कागद घडी करून माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला. सकाळी तो तसाच अर्धा टेबलावर ठेवला.